साठमारीची अरुंद वाट आणि शाहू महाराज

कोल्हापुरात साठमारी हे नाव आजही एका भागाला आहे. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना ते सहज उच्चारले जाते. पण साठमारी म्हणजे नेमके काय, हे नव्या पिढीतील फार थोड्यांना ठाऊक असेल. माजावर आलेला हत्ती बंदिस्त मैदानात सोडायचा, त्याला डिवचायचे आणि तो अंगावर आला की हुलकावण्या देत जीव वाचवायचा, असा हा खेळ. तो ज्या आवारात होई त्याला अगड म्हणत. भोवती उंच, जाड तट आणि त्यात जागोजागी ठेवलेल्या अरुंद वाटा, ही अगडाची रचना. हत्ती अगदी पाठीशी भिडला की साठमार अशा एखाद्या वाटेतून पलीकडे निसटे. माणूस मावेल आणि हत्ती मावणार नाही, एवढेच त्या वाटेचे माप. खेळणाऱ्याचे आयुष्य या मापावर अवलंबून असे.

कोल्हापूरकरांना या खेळाचे वेड लावले ते राजर्षी शाहू छत्रपतींनी. बडोद्याच्या गायकवाडांकडे साठमारीची परंपरा जुनी होती आणि बडोदे ही महाराजांची सासुरवाडी. तिथला हा दरबारी थाट त्यांनी कोल्हापुरात आणला. आरक्षणाचा हुकूम काढणारा, वसतिगृहे उभारणारा, अस्पृश्यतेविरुद्ध उभा ठाकलेला राजा म्हणून शाहू महाराज सर्वांना परिचित आहेत. हत्ती, घोडे, चित्ते आणि कुत्री यांच्या सहवासात रमणारे शाहू महाराज मात्र जयंतीच्या भाषणांत सहसा भेटत नाहीत. भेटले तरी राजाचा एक छंद म्हणून दोन वाक्यांत त्यांची बोळवण होते. वास्तविक त्यांच्या राज्यकारभारातील काही कसोटीचे प्रसंग दरबारात घडण्याऐवजी मुक्या जनावरांच्या आवारात घडले.

जनावरासाठी दार करायचे तर आधी जनावर ओळखावे लागते, ही गोष्ट घरी मांजर किंवा कुत्रे पाळणाऱ्यालाही लवकरच उमगते. आजकाल अनेक घरांत दाराच्या खालच्या फळीत चौकोनी झरोका कापून त्यावर वरच्या बाजूने रबराची किंवा जाड कापडाची झडप टांगतात. मांजर डोक्याने ती ढकलून आत येते, झडप स्वतःच्या वजनाने पुन्हा खाली पडते. काम सोपे दिसते, पण माप चुकले की फसते. मांजर डोके वाकवून जाते, म्हणून झरोक्याची उंची डोक्यावरून ठरत नाही, ती खांद्यावरून धरावी लागते. रुंदी खांदे आणि पोट यांपैकी जे रुंद असेल त्यावरून घ्यावी लागते. उंबरठा फार वर ठेवला तर म्हातारे कुत्रे पाय अडखळून थांबते. झडप जड झाली तर पिल्लू ती ढकलू शकत नाही आणि फार हलकी झाली तर वाऱ्याने रात्रभर आपटत राहते. सुरुवातीचे काही दिवस झडप वर बांधून ठेवून, पलीकडे खाऊ ठेवून जनावराला त्या वाटेची सवय लावावी लागते. दार आपल्यासाठी आहे हे त्याला आधी पटावे लागते.

मांजराच्या दाराचा शोध सर आयझॅक न्यूटनच्या नावावर खपवण्याची एक गमतीदार प्रथा आहे. त्याने मांजरासाठी मोठे आणि पिल्लासाठी छोटे अशी दोन भोके दाराला पाडली, अशी ती आख्यायिका. प्रत्यक्षात ही गोष्ट न्यूटनच्या मृत्यूनंतर सुमारे शतकाने छापली गेली आणि त्याच्या खोलीत कुत्रे वा मांजर नसे, असे त्याच्या मदतनिसाने नोंदवून ठेवले आहे. इंग्लंडमधील एक्झिटरच्या कॅथेड्रलच्या दाराला मांजरासाठी पाडलेले भोक तर न्यूटनच्या जन्माआधीचे आहे. आपल्याकडच्या वाड्यांचीही अशीच एक रीत होती. मुख्य दरवाजा हत्ती जाईल एवढा, आणि त्याच्याच एका फळीत माणूस वाकून जाईल एवढी दिंडी. रात्री मोठा दरवाजा बंद झाला की येणेजाणे दिंडीतून. कोणाला कोणत्या दारातून आत घ्यायचे हे घरमालक ठरवतो, आणि राज्यात ते राजा ठरवतो.

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कसबा बावड्यातील लक्ष्मीविलास राजवाड्यात झाला. कागलच्या घाटगे जहागीरदार घराण्यातले ते यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब, आई राधाबाई मुधोळच्या घोरपडे घराण्यातली. मुधोळचे नाव घेतले की श्वानप्रेमींना तिथली सडपातळ, लांब पायांची शिकारी कुत्री आठवतात. या मुधोळ कुत्र्यांची जात टिकवली ती त्या संस्थानाच्या अधिपतींनीच. २००५ साली भारतीय टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत मुधोळचा समावेश होता. आजोळ असे आणि वडिलांचे घर शिकारीची आवड असलेल्या जहागीरदाराचे, तेव्हा मुलाला जनावरांची भीती वाटण्याचे कारण नव्हते. आईचे सुख मात्र त्याला फार लाभले नाही. ती तो लहान असतानाच गेली. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी १८८३ च्या अखेरीस अहमदनगर येथे इंग्रजांच्या नजरकैदेत वारले आणि १७ मार्च १८८४ रोजी त्यांच्या राणी आनंदीबाई यांनी यशवंतरावांना दत्तक घेतले. दहा वर्षांचाही न झालेला मुलगा एका दुपारी छत्रपती झाला आणि त्याचे नाव शाहू ठेवले गेले. दोनच वर्षांनी वडीलही गेले.

राजकोटचे राजकुमार कॉलेज आणि त्यानंतर धारवाड येथे स्टुअर्ट फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली शिक्षण, अशी ही वर्षे गेली. फ्रेझरने त्यांना इतिहास, अर्थशास्त्र आणि कारभार शिकवला, देशभर हिंडवले. १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी विवाह झाला. २ एप्रिल १८९४ रोजी विसाव्या वर्षात असलेल्या या राजाच्या हाती कोल्हापूर संस्थानाचा कारभार आला. धिप्पाड देहयष्टी, कुस्तीची आवड, घोड्यावर पक्की मांड आणि सामान्यांत बेधडक मिसळण्याची सवय, हे त्यांचे रूप लोकांनी फार लवकर ओळखले.

जनावरांच्या बाबतीत ते नुसते मालक नव्हते. पागेत आणि हत्तीखान्यात स्वतः जायचे, माहुतांशी त्यांच्याच भाषेत बोलायचे, अशी त्यांची रीत होती. खडखडा नावाने ओळखली जाणारी मोठी घोडागाडी ते स्वतः हाकीत. रस्त्यातून तिचा आवाज आला की कोल्हापूरकरांना महाराज येत असल्याचे कळे. हत्ती माजावर येतो म्हणजे काय होते, हे माहुताच्या घरात पिढ्यानपिढ्या माहीत असते. डोळा आणि कान यांच्या मधल्या ग्रंथीतून काळपट मद वाहू लागतो, गडी चिडखोर होतो, रोजच्या माहुतालाही ओळखेनासा होतो. अशा हत्तीला साखळदंडाने बांधून ठेवणे हा नेहमीचा उपाय. साठमारीत त्याला मोकळा सोडत. हत्ती ताशी सुमारे पंचवीस किलोमीटर वेगाने चाल करू शकतो, म्हणजे सामान्य माणूस त्याच्यापुढे सरळ रेषेत फार काळ टिकत नाही. पण त्या प्रचंड देहाला चटकन वळणे जड जाते आणि हत्तीला उडी मारता येत नाही. साठमाराचे सारे कौशल्य या दोन गोष्टींवर बेतलेले. वळत राहायचे, आणि वळणे संपली की भिंतीतील फट गाठायची. त्या फटीचीही गंमत अशी की तिच्यात हत्तीचे शरीर मावत नसले तरी सोंड मावते, आणि सोंड चांगली पाच-सहा फूट आत येऊ शकते. म्हणून भिंतीची जाडी हाही जीवनमरणाचाच प्रश्न असे.

आजच्या दृष्टीने साठमारी हा क्रूर खेळ होता, यात शंका नाही. माजाच्या वेदनेत असलेल्या जनावराला डिवचणे आणि माणसाचा जीव टांगणीला लावून प्रेक्षकांनी टाळ्या पिटणे, यातले काहीच आज कायद्यात बसणार नाही. शाहू महाराजांच्या चरित्राचे कौतुक करताना ही बाजू झाकण्याचे कारण नाही. मर्दानी खेळांनी प्रजेची नजर धीट होते, असा त्या काळच्या राजेरजवाड्यांचा समज होता आणि महाराज त्या काळाचेच होते. त्यांनी १९१२ मध्ये पूर्ण केलेले खासबागचे कुस्ती मैदान मात्र याच आवडीतून निघालेले, पण आजही ज्याचे कौतुक करावे असे काम आहे. मधला हौदा खोलात आणि भोवती चढत जाणारी बैठक, त्यामुळे शेवटच्या माणसालाही कुस्ती स्पष्ट दिसते. १९०२ च्या युरोप प्रवासात पाहिलेल्या रोमच्या कलोझियमवरून ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. शेजारच्या पॅलेस थिएटरला, म्हणजे आजच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला आणि खासबागेतील व्यासपीठाला ऑगस्ट २०२४ मध्ये आग लागली तेव्हा सारे शहर हळहळले.

हत्तीखान्यात भिंती आणि साखळदंड होते. चित्त्यांची व्यवस्था अगदी वेगळी होती. शिकारीसाठी पाळलेला चित्ता पिंजऱ्यात कोंडून ठेवत नसत. तो चित्तेवानाच्या सोबतीने राहायचा. खाटेवर बसलेला चित्ता, शेजारी त्याचा राखणदार, आजूबाजूला खेळणारी मुले, असे दृश्य या मंडळींच्या वस्तीत अपूर्वाईचे नव्हते. माणसांच्या गलक्याची सवय व्हावी म्हणून चित्त्याला दोरीने धरून बाजारातून फिरवत. त्याला आवरण्यासाठी दाराची गरज नव्हती, कारण त्याचे दार त्याच्या डोळ्यांवर होते. चामड्याची टोपी त्याच्या डोळ्यांवर ओढलेली असे. या झापडीने चित्ता शांत राहतो. शिकारीच्या दिवशी बैलगाडीत बसवून त्याला काळविटांच्या कळपाजवळ नेत. काळवीट घोडेस्वाराला पाहून उधळते, पण शेतातून जाणाऱ्या बैलगाडीची त्याला सवय असते. अंतर पुरेसे कमी झाले की चित्तेवान टोपी काढी, चित्त्याची नजर कळपावर ठरे आणि तो झेपावे. ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास जाणारा हा वेग काही शे मीटरपुरताच टिकतो. तेवढ्यात काळवीट हाती लागले तर लागले, नाहीतर चित्ता धापा टाकत बसून राहतो. शिकार झालीच तर चित्तेवान पुढे होऊन त्याला लाकडी पळीतून रक्त किंवा मांसाचा तुकडा देई आणि त्याच क्षणी झापड पुन्हा डोळ्यांवर येई.

या कलेत एक अडचण होती. माणसाच्या ताब्यातील चित्त्याला पिल्ले होत नाहीत, हा शतकानुशतकांचा अनुभव होता. जहांगीर बादशहाच्या काळातील एक नोंद सोडली तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तसे घडल्याचे ज्ञात नाही. पिल्लू आणून वाढवावे तर त्याला शिकार येत नाही. ती आई शिकवते. म्हणजे प्रत्येक शिकारी चित्ता रानातून, वयात आलेला आणि शिकार शिकलेला असाच पकडून आणावा लागे. देशभरच्या दरबारांनी शतकानुशतके असे चित्ते पकडले, कुरणे शेतीखाली गेली आणि भारतातला चित्ता संपत आला. तेव्हा कोल्हापूर, भावनगर यांसारख्या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते आणवले. शाहू महाराजांच्या मागे राजाराम महाराजांच्या काळातही कोल्हापूरच्या चित्त्यांचा लौकिक टिकून होता. १९५२ मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशातील कुनोच्या अरण्यात आफ्रिकेचेच चित्ते आणून सोडण्यात आले, तेव्हा आफ्रिकी चित्ता भारतात प्रथमच येत असल्यासारखी चर्चा झाली. कोल्हापूरच्या जुन्या माणसांना त्याचे नवल वाटले नसेल.

महाराजांच्या कारभाराची कहाणी अनेकदा सांगून झाली आहे. १८९९ मध्ये पंचगंगेच्या घाटावर कार्तिकस्नानाच्या वेळी पुरोहित वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणत असल्याचे लक्षात आले आणि छत्रपतींनाही शूद्र ठरवणाऱ्या व्यवस्थेशी त्यांचा संघर्ष सुरू झाला. २६ जुलै १९०२ रोजी संस्थानाच्या नोकऱ्यांत मागास वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारा हुकूम निघाला. जातवार वसतिगृहे, शाहू मिल, सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण ही सारी कामे पाठोपाठ झाली. मात्र हुकूम कागदावर निघाला म्हणजे तो पागेपर्यंत पोहोचतोच असे नाही, हे त्यांना लवकरच कळणार होते.

संस्थानाच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे महार समाजातील गृहस्थ कामाला होते. पागेत पाण्याचा एक हौद होता. घोडे आणि सवर्ण नोकर यांच्यासाठी असलेल्या या पाण्याला अस्पृश्याने हात लावायचा नाही, असा अलिखित दंडक. गंगाराम यांच्याकडून तो मोडला गेला, निदान तसा आरोप झाला, आणि पागेतल्या सवर्ण नोकरांनी त्यांना बेदम मारहाण केली. महाराज त्या वेळी कोल्हापुराबाहेर होते. परत आल्यावर हा प्रकार त्यांच्या कानी गेला तेव्हा त्यांचा संताप अनावर झाला. मारणाऱ्यांना त्यांनी स्वतः शिक्षा केली, असे सारे चरित्रकार सांगतात. ज्या हौदावर घोडा तोंड लावू शकतो त्या हौदावर माणूस हात लावू शकत नाही, ही गोष्ट त्यांच्याच पागेत, त्यांच्याच लाडक्या जनावरांच्या शेजारी घडली होती.

शिक्षा देऊन विषय संपवणे राजाला सोपे होते. महाराजांनी गंगाराम यांना नोकरीच्या जाचातून मोकळे होऊन स्वतंत्र धंदा करण्यास सुचवले आणि त्यासाठी मदत दिली. भाऊसिंगजी रस्त्यावर सत्यसुधारक हे चहाचे दुकान उभे राहिले. दुकान स्वच्छ, चहा चांगला, पण महाराच्या हातचा चहा घेणार कोण? गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराजांनी एक साधी युक्ती केली. फेरफटक्याला निघाले की ते आपली गाडी त्या दुकानासमोर उभी करीत आणि चहा मागवीत. गाडीत कोणी ना कोणी उच्चवर्णीय अधिकारी किंवा सरदार असेच. राजाने घोट घेतल्यावर त्यांनाही कप हाती घ्यावा लागे. एकदा घेतल्यावर दुसऱ्यांदा नाही म्हणण्याला अर्थ उरत नसे. जनावराला नव्या दाराची सवय लावताना पलीकडे खाऊ ठेवतात. माणसांना लावताना महाराज स्वतःच आधी त्या दारातून जात.

हत्तीखान्यातही त्यांनी हेच केले. हत्तीवर बसणारा माहूत मिरवणुकीत छत्रपतींच्याही पुढे बसतो. राजाच्या सवारीत राजाकडे पाठ करून बसण्याचा मान त्याचाच. ही जागा महाराजांनी अस्पृश्य समाजातील माणसांना दिली. घोडागाडीच्या कोचमनच्या जागेवरही अशी नेमणूक झाली. कचेरीत एखादा कारकून बदलला तर शहराला कळत नाही. दसऱ्याच्या सवारीत हत्तीच्या मानेवर कोण बसला आहे, हे मात्र साऱ्या शहराला दिसते. १९१९ मध्ये सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, दवाखाने आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या करणारे हुकूम निघाले, अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांबरोबर बसवण्याचा निर्णय झाला. त्या हुकुमांमागे पागेतील हौदाची आठवण किती होती, हे सांगता येणार नाही. पण ती नव्हती असे म्हणणेही कठीण आहे.

मुक्या जनावरांच्या या नादाची किंमत महाराजांना फार मोठी मोजावी लागली. १९१८ मध्ये त्यांचे धाकटे चिरंजीव, राजपुत्र शिवाजी, रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून मृत्यू पावले. वय अवघे एकोणीस. लग्नाला जेमतेम एक वर्ष झाले होते. ज्या खेळात बाप जन्मभर रमला, त्याच खेळाने मुलगा नेला. महाराज यातून कधी सावरलेच नाहीत, असे जवळची मंडळी सांगत. मागे राहिली ती कोवळ्या वयाची विधवा सून इंदुमती. राजघराण्यातल्या विधवेचे पुढचे आयुष्य पडद्याआड, व्रतवैकल्यांत जायचे, हे ठरलेले. महाराजांनी तिला घराबाहेर, सोनतळीच्या मुक्कामी ठेवले आणि निरनिराळ्या जातींच्या मुलींबरोबर तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली. राजवाड्यातून या गोष्टीला विरोध झाला. घरच्या माणसांपुढे उभे राहणे दरबारातल्या भांडणापेक्षा अवघड असते. पण सून शिकत राहिली.

मार्च १९२० मध्ये कागल जहागिरीतील माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते नुकतेच सार्वजनिक जीवनात आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वर्षाच्या सुरुवातीला निघालेल्या त्यांच्या मूकनायक पत्राला महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. या परिषदेला महाराज आले ते शिकारीवरून, मुद्दाम वाट वाकडी करून. आंबेडकर हेच तुमचे खरे पुढारी, असे त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितले. मुलगा गेल्याला तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती, तरी शिकारीचा नाद सुटला नव्हता, हेही यातून दिसते. थोर माणसांच्या आयुष्यात अशा दोन गोष्टी एकमेकींना न विचारता शेजारी राहतात.

जनावरांच्या आवडीचा एक दूरचा परिणाम मात्र महाराजांनाही अपेक्षित नसावा. राधानगरी आणि दाजीपूरच्या दाट रानात ते शिकारीला जात. थोरली कन्या राधाबाई ऊर्फ अक्कासाहेब यांच्या नावाने त्यांनी राधानगरी वसवली. हत्तींसाठी तिथे हत्तीमहाल उभारला. शिकारीसाठी राखलेले ते रान इतरांच्या कुऱ्हाडीपासूनही राखले गेले. १९५८ मध्ये दाजीपूरला गव्यांसाठी अभयारण्य झाले; महाराष्ट्रातील हे सर्वांत जुने अभयारण्य मानतात. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर त्याचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला. बंदुकीसाठी राखलेल्या रानात आज गव्यांचे कळप पर्यटकांच्या गाड्या पाहून जागचे हलत नाहीत.

६ मे १९२२ रोजी मुंबईत खेतवाडीतील पन्हाळा लॉजमध्ये हृदयविकाराने महाराजांचे निधन झाले. वय पन्नाशीलाही पोहोचले नव्हते. कोल्हापूरच्या नर्सरी बागेत त्यांचे पहिले स्मारक उभे राहिले ते गंगाराम कांबळे आणि त्यांच्या समाजबांधवांच्या पुढाकाराने. संस्थानाच्या तिजोरीतून नव्हे, कष्टकऱ्यांच्या वर्गणीतून. कसबा बावडा रस्त्यावरील न्यू पॅलेसच्या संग्रहालयात शिकारीची हत्यारे आणि पेंढा भरलेली जनावरे पाहायला आजही शाळांच्या सहली येतात. मुले वाघासमोर जास्त वेळ थांबतात. चित्तेवान आणि माहूत यांच्याविषयी त्यांना सांगणारे कोणी भेटले तर बरे.

राहता राहिले राधानगरीचे धरण. भोगावती नदीवरचे हे काम महाराजांनी १९०७ च्या सुमारास हाती घेतले. पहिल्या महायुद्धाच्या काळात पैशाअभावी ते अर्धवट थांबले. धरण पूर्ण झाले ते महाराजांच्या मृत्यूनंतर तीन दशकांहून अधिक काळ लोटल्यावर. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. त्यांना वीज लागत नाही, ते उघडायला माणूस लागत नाही. जलाशय भरून पाण्याचा दाब वाढला की दरवाजा आपसूक उघडतो आणि पातळी उतरली की आपसूक मिटतो. मांजराच्या झडपेसारखेच हे दार. ज्याला जायचे असते तोच ते ढकलतो. जुलै-ऑगस्टमध्ये पहिला दरवाजा उघडल्याची बातमी आली की पंचगंगेच्या काठची माणसे राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी विचारू लागतात आणि सखल भागातली कुटुंबे सामान वरच्या मजल्यावर हलवतात. गोठ्यातली जनावरे त्याआधी सोडवून उंचावर नेलेली असतात.